पुणतांब्याला उतरा : गंगथडीतली दोन दिवसांची भटकंती

रेल्वेने शिर्डीला जाणारा प्रत्येक माणूस पुणतांब्यावरून जातो, मग तो मुंबईहून मनमाडमार्गे येवो की पुण्याहून दौंडमार्गे. दुसरी वाटच नाही. पण इथे उतरणारे थोडे. ‘शिर्डीच्या अलीकडचं जंक्शन’ एवढीच गावाची ओळख झाली आहे आणि ती गावावर अन्याय करणारी आहे. चांगदेवांची समाधी, गोदावरीचे घाट, कालव्याकाठचे रस्ते आणि तासाभराच्या अंतरात इतिहासाची दोन-तीन मोठी ठिकाणं असताना पुणतांबा हे गंगथडीत, म्हणजे गोदावरीकाठच्या मुलखात, हिंडायचं ठाणं म्हणून वापरावं, असं माझं मत आहे. दोन दिवस हाताशी असले तरी पुरे.

पोचायचं कसं

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पुणतांब्याहून शिर्डीकडे फुटणारा सतराएक किलोमीटरचा फाटा मात्र अगदी अलीकडचा, २००९ सालचा. मनमाडकडून येताना कोपरगाव, कान्हेगाव ही स्टेशनं मागे पडली की गाडी गोदावरीचा पूल ओलांडते आणि मग पुणतांबा येतं. खिडकीची जागा मिळाली तर नदीची पहिली ओळख इथेच होते. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे तिकीट काढण्याआधी थांबा बघून घ्या. पुढे श्रीरामपूरला जायचं असेल तर तिकीट ‘बेलापूर’चं मागायचं. शहर श्रीरामपूर, स्टेशन बेलापूर, हा घोळ नवख्यांना हमखास चकवतो.

गावात लॉजची फार अपेक्षा ठेवू नये. मुक्काम शिर्डीत करावा, तिथे सगळ्या खिशांना परवडेल अशी सोय आहे. शिर्डी, कोपरगाव आणि श्रीरामपूर ही तिन्ही गावं पुणतांब्यापासून ढोबळ मानाने वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत आहेत.

चांगदेवांची समाधी

गावाचं मुख्य दैवत म्हणा, मुख्य माणूस म्हणा, ते चांगदेवच. चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेला, आणि समोरून ही भावंडं चक्क भिंत चालवत आलेली, ही गोष्ट मराठी घरात शाळेच्या आधीच कळते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा हे सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठा. शेवटी कोरा कागदच धाडला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे याच बुजुर्गाने लहानग्या मुक्ताबाईला गुरू केलं.

त्या गोष्टीतली भिंत आळंदीत दाखवतात. तापी-पूर्णेच्या संगमावर, जळगाव जिल्ह्यात, चांगदेव नावाचं गाव आणि तिथलं कोरीव दगडी मंदिर आहे. समाधी मात्र इथे, गोदावरीकाठी. चांगदेव नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती होऊन गेल्या असाव्यात, असं अभ्यासकांना वाटतं. चौदाशे वर्षांच्या आयुष्याचा उलगडा त्यातून थोडाफार होतोही. पण समाधीपुढे हात जोडून उभ्या असलेल्या आजीला हा उलगडा ऐकवायच्या फंदात पडू नका.

दर्शनाला सकाळी लवकर जावं. गर्दी नसते आणि तिथून नदीवर चालत जाता येतं.

घाट, वेस आणि बंधारा

गावाला जुनी तटबंदी होती. तिच्या खुणा आणि वेस शोधत जुन्या गावठाणातून नदीकडे उतरत जाणं, ही इथली सर्वांत चांगली पायपीट. वाटेत देवळं लागतात. कार्तिकस्वामींचं देऊळ त्यात वेगळं, कारण आपल्याकडे गणपती गल्लोगल्ली असतो, त्याचा भाऊ क्वचितच भेटतो. कार्तिक पौर्णिमेला इथे दर्शनाची रीघ लागते.

नदीवरचा एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेला. काशी, सोमनाथ, महेश्वर इथली त्यांची कामं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांचा जन्म मात्र याच जिल्ह्यातला, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे. तो मान समजून घ्यायचा तर या पायऱ्यांवर बसावं. घाटाचा दगड, पाण्याची खूण कुठवर चढली आहे ते, धुणी, दशक्रिया, सगळं एकाच ठिकाणी चाललेलं असतं. दशक्रिया चालू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

इथली नदी बाराही महिने वाहणारी नाही. या पट्ट्यात तिच्यावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. म्हणजे नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब, आणि खांबांमधल्या खाचांत बसवायचे पत्र्याचे ढापे. पावसाळ्यात ढापे काढून ठेवतात, म्हणजे पूर आणि गाळ अडत नाही. पाऊस सरला की ते पुन्हा टाकतात आणि मागे पाणी तुंबतं. ढाप्यांच्या फटींतून पाण्याच्या पातळ पट्ट्या गळत असतात, खाली दगडांवर बगळे आणि खंड्या टपून बसलेले असतात. संध्याकाळी तासभर बसायला याहून चांगली जागा गावात नाही. बंधाऱ्यावरून पलीकडे चालत जाताना मात्र कठड्याचा भरवसा धरू नये, आणि ढाप्यांजवळ पोहायला तर मुळीच उतरू नये. गळतीच्या तोंडाशी पाण्याची ओढ वरून दिसते त्याहून जबर असते.

पाटाकाठची सायकल

नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. दोघांनी शंभरी ओलांडली आहे. कोपरगाव-राहाता भागात ऊस आला तो या पाटपाण्यावर, आणि उसामागून साखर कारखाने आले. जवळच्या लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही याच परंपरेतला. १९५० साली त्याचं गाळप सुरू झालं.

फिरणाऱ्याला या सगळ्याचा फायदा असा की पाटाकडेचे आणि चाऱ्यांकडेचे रस्ते सपाट आहेत, चढ असा नाहीच. सायकल घेऊन सकाळी निघालं की ऊस, मका, कांदा, मधूनच पेरूच्या बागा लागतात. राहात्याचा पेरू नावाजलेला. हिवाळ्यात रस्त्याकडेला पाट्या मांडलेल्या असतात, तिथेच कापून तिखट-मीठ लावून खावा. पाटाला पाणी केव्हा असेल हे आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीवर, ठरतं. शेतकऱ्याला विचारा, तारखेसकट सांगेल.

एक सावधगिरी : गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीपासून पुढे चारेक महिने, अंधार पडल्यावर या रस्त्यांवर सायकल नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर येतात, ट्रॉलीला मागे दिवा बहुधा नसतोच, आणि ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला असतो.

गावकऱ्यांशी बोलायला बसलात तर २०१७ चा विषय निघेलच. शेतकरी संपाची हाक या गावच्या ग्रामसभेतून गेली. १ जूनपासून दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवायचा नाही, असं ठरलं आणि बघता बघता तो वणवा राज्यभर पसरला. त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या संपाचं स्मारक वगैरे शोधू नका, पारावर बसा.

कोपरगाव आणि कोकमठाण

दुसऱ्या दिवसासाठी माझी पहिली पसंती कोपरगावला. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा इथे येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी इथेच वारले. अटकेपर्यंत फौजा नेणारा, नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा डाग लागलेला, इंग्रजांच्या वळचणीला गेलेला हा माणूस शेवटी या नदीकाठी थांबला. त्यांचा वाडा पुढे सरकारी कचेरी म्हणून वापरला गेला. नदीतल्या बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे. कच-देवयानीची कथा इथे घडली, असं इथली मंडळी सांगतात.

तिथून जवळच कोकमठाणला महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, ज्याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या पद्धतीचं. मान वर करून छताचं कोरीवकाम बघा. बॅटरी बरोबर असलेली बरी.

सराला बेट

पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या शिवेवर गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. गंगागिरी महाराजांचं हे स्थान. एरवी शांत, झाडांची जागा. पण या बेटाचं खरं रूप बेटावर नाही, तर श्रावणातल्या अखंड हरिनाम सप्ताहात दिसतं, आणि तो दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. पंचक्रोशीतल्या घराघरांतून भाकरी थापल्या जातात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून सप्ताहाच्या जागी येतात. आमटी प्रचंड कढयांत शिजते. भाकरी चुरून आमटीत कालवायची आणि पंगतीला बसायचं. श्रावणात या भागात असाल तर सप्ताह कुठल्या गावी आहे हे विचारून एक पंगत जरूर गाठा.

दायमाबाद : फक्त हौशींसाठी

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. हडप्पा संस्कृतीचा उत्तरकाळ दख्खनमध्ये इतक्या खाली पोचला होता, हे या गावाने दाखवून दिलं. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथात उभा माणूस आहे आणि दांडीवर एक कुत्रा. चारही वस्तूंचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. पुढे शां. आ. साळी यांनी इथे उत्खनन केलं.

आता खरं सांगायचं तर दायमाबादला बघायला पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांखेरीज काही नाही. पायाखाली खापराचे तुकडे दिसतील, ते उचलून खिशात घालू नयेत. वाचून आलेल्या माणसाला तिथे उभं राहून थरारायला होतं, मुलाबाळांना मात्र कंटाळा येतो.

पक्षी बघायचे असतील तर

तिसरा दिवस निघत असेल तर निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणथळ २०२० साली रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाला तिथे असायला हवं. म्हणजे शिर्डीहून अंधारातच गाडी काढावी लागणार.

कधी यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम : बंधाऱ्यात पाणी, बागेत पेरू, शेतात हुरडा. पावसाळ्यात नाशिककडे जोर असला की नांदूरमध्यमेश्वरमधून किती क्युसेकने सोडलं, हाच गावातला पहिला प्रश्न असतो. आकडा चढता असेल तर घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जाऊ नका, पाणी वाट पाहत नाही. उन्हाळ्यात पात्र बहुतेक कोरडं. एप्रिल-मेमध्येच यायचं असेल तर चांगदेवांचं दर्शन घ्या, वेशीपर्यंत फिरा आणि अकराच्या आत सावलीला या.