गवंड्याचे वारस कुठे शोधायचे?

मंडळी, आमचा एक जुना विद्यार्थी उत्तर इंग्लंडात लीड्सला असतो. तो राहतो ते घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतले. एका हिवाळ्यात बाहेर पडता येत नव्हते म्हणून त्याने ती रांग बांधणाऱ्या माणसाचा शोध सुरू केला, आणि होळीच्या सुमारास त्या माणसाच्या पाच पिढ्या त्याने आम्हाला फोनवर वाचून दाखवल्या. माणूस कोण, तर साधा बांधकामवाला. सरदार नाही, जमीनदार नाही. कर्ज काढून घरे बांधायची, विकायची, पुढची गल्ली धरायची. गल्ल्यांना पोरींची नावे द्यायची चालही तिकडे होती म्हणे.

आम्हाला खरं सांगायचं तर हेवा वाटला. कारण आमचे पणजोबाही बांधणारेच. नरडाण्याचे गवंडी. त्यांच्या धाकट्या भावाचे पुढे काय झाले, हे शोधायला आम्हाला सहा वर्षे लागली, आणि अजून पूर्ण झालेले नाही. आजचे बोलणे त्याबद्दलच आहे. एकाचा वंश हिवाळाभरात सापडतो आणि दुसऱ्याचा सहा वर्षांत सापडत नाही, यातला फरक रक्तात नसतो. तो कुठे असतो, ते बघू.

आधी तिकडचे गणित. इंग्लंडात जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १८३७ च्या जुलैपासून होते. १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे, १८५१ पासून घरप्रमुखाशी नाते आणि जन्मगावही आहे. हे कागद शंभर वर्षे बंद राहतात आणि मग लोकांना खुले होतात. १९२१ ची शिरगणती २०२२ च्या जानेवारीत उघडली. १९३१ ची आगीत जळाली, तो एक खड्डा. त्याआधी दर दहा वर्षांनी पाऊल ठेवायला दगड आहे. बांधकामवाला बुडाला तर दिवाळखोरीची जाहिरात गॅझेटात, मेला तर मृत्युपत्र कोर्टात. मुलगा लोहार झाला, मुलगी गिरणीत गेली, सगळे लिहिलेले.

आपल्याकडेही १८७२ पासून शिरगणती आहे. पण आपल्या शिरगणतीने माणसे मोजली, नावे जपली नाहीत. आकडे छापले गेले, घरोघरचे तक्ते राहिले नाहीत. खानदेशचे गॅझेटियर १८८० चे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड. त्यात जातवार, धंदेवार माणसे आहेत. आमचे खापरपणजोबा त्या आकड्यांत कुठेतरी 'एक' म्हणून असणार. तेवढेच.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे वंशावळी काय कमी आहेत? नाहीतच कमी. चाळीसगावजवळ पाटण्याला जा. तिथला शिलालेख तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात गणिती भास्कराचार्यांचे घराणे दिले आहे, त्रिविक्रमापासून नातू चांगदेवापर्यंत नऊ पिढ्या. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आठशे वर्षांनंतरही आपण ती साखळी बोटाने मोजू शकतो. पण तो दगड ज्याने तासला, अक्षरे ज्याने कोरली, त्याच्या नऊ पिढ्या कुठे आहेत? तिथून जवळच घाटाच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या एका यक्षाच्या मूर्तीवर घडवणाऱ्याचे नाव आहे, कण्हदास, धंद्याने सोनार. अशी उदाहरणे इतकी थोडी की सापडले की आपण थबकतो. आणि कण्हदासाचाही बाप कोण, मुलगा कोण, ते काही सापडत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत फिरले. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा अंत झाला, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. त्यांचे ऋण मोठे आहे. पण दप्तर त्याच घरी सापडणार, ज्या घरी दप्तर होते. कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथही त्याच घराण्यांचे, ज्यांच्यात लिहिणारे होते. गवंड्याच्या घरी काय सापडणार? थापी, ओळंबा, गुण्या.

बोरघाटाचे उदाहरण घ्या. त्या रेल्वेचा ठेका आधी फेविएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होता. १८५९ मध्ये तो बाजूला झाला आणि सॉलोमन ट्रेडवेल आला. आला आणि काही आठवड्यांत वारला. पुढचे काम त्याची विधवा, ॲलिस ट्रेडवेल, हिने अंगावर घेतले आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. बाईची हिंमत मानलीच पाहिजे. तिचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव, ते कुठून आले, हे आज शोधता येते. १८६१ च्या सुरुवातीला त्या घाटावर बेचाळीस हजार माणसे कामाला होती, असे रेल्वेच्या इतिहासात वाचायला मिळते. त्या बेचाळीस हजारांतल्या किती जणांची नावे तुम्हाला सांगता येतील?

असो. आता घरचे.

आमचे पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघे गवंडी. १८९९ च्या सुमाराला सुरतेकडून अमळनेरकडे ताप्ती व्हॅली रेल्वेचे काम चालले होते. आपले नरडाणा स्टेशन त्याच मार्गावरचे. त्याच वेळी छप्पन्या पडला. संवत १९५६ चा दुष्काळ, जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'छप्पन्या' हाच शब्द आहे. गावात घर बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, रेल्वेच्या मोऱ्यांवर मजुरी होती. दोघे भाऊ तिथे लागले. थोरले परत आले. धाकटे बायकोला घेऊन कामामागे सुरतेच्या दिशेने गेले. घरात एवढीच गोष्ट, एवढीच वाक्ये.

पण दोन खुणा राहिल्या होत्या. एक सातबाऱ्यावर. दोघा भावांची मिळून थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि धाकट्यांचे नाव कोणी कधी कमी केले नाही. दुसरी खूण कानबाईची. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो: खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. सगळी भाऊबंदकी एका ठिकाणी जमते. म्हणजे बघा, ही दरसालची शिरगणतीच, कागदाऐवजी गव्हाची. आमच्या घरी त्यात एक मूठ जास्तीची असायची. आमची आजी सुनेला आठवण करायची, "त्यास्नी बी मूठ काढ वं." 'त्यास्नी' म्हणजे कोणाची, हे लहानपणी आम्ही विचारले नाही. आजी गेल्यावर ती मूठ आईने चालू ठेवली. मात्र याही शिरगणतीत बायका नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शोधाला निमित्त झाले जमिनीचे. बोरविहीर–नरडाणा रेल्वेमार्गासाठी मोजण्या सुरू झाल्या तेव्हा गावात घरोघर वारसांचा हिशेब निघाला. आमच्याही घरी निघाला. आम्ही म्हटले, धाकट्यांचे वारस शोधले पाहिजेत. बैठकीत शांतता. मग एक चुलतभाऊ हसत म्हणाला, "उद्या त्या वाटा मांगतीन ना भो!" हसण्यावारी नेले, पण मुद्दा खरा होता. काहींचे म्हणणे, सव्वाशे वर्षे झाली, कायदाच सांगतो की सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे धरता येते. धरता येते, कबूल. पण तो मेला असे धरता येते, त्याला मुले नव्हती असे कुठे धरता येते? या एका वाक्यावर घरात दोन तट पडले. आमच्याशी तीन महिने कोणी नीट बोलत नव्हते.

शोध कसा करायचा, हे आता जरा नीट सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना ते उपयोगी पडेल. तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा, त्यात वारसांची नावे नात्यासकट असतात. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूचे पुस्तक, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते तहसिलीत मिळते. जुने बहुतेक मोडीत असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या पुस्तकांवरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम मान आला. आम्ही पंचाहत्तरीला टेकलो असताना मोडी शिकलो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर बघा. आणि जिल्ह्याचे भान ठेवा: १९०६ पर्यंत खानदेश एक जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, जळगाव आणि धुळे. कागद कुठे गेला असेल हे त्यावर ठरते.

एक सोय आपल्याकडे इंग्लंडापेक्षा चांगली आहे. आपल्या नावात बापाचे नाव असतेच. दोन नोंदी मिळाल्या की तीन पिढ्या हाती येतात. पण आडनावाचा भरवसा धरू नका. कारागिरांची आडनावे पुष्कळदा शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली. कुणी गाव लिहिले, कुणी धंदा. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी निघाली तर दचकू नका.

आम्हाला सरकारी कागदांत काही मिळाले नाही. मिळाले ते नाशिकला. पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे गाववार नामावळ्या असतात. रामकुंडावर अस्थी घेऊन कोणी आला की त्याचे नाव, बापाचे, आजाचे, गावाचे नाव वहीत चढते. गरीब असो, अडाणी असो, अंगठा तरी लागतो. कारागिराची वंशावळ जपणारी माझ्या माहितीतली ही सर्वांत उदार कचेरी. तिथे नरडाण्याच्या पानांत एक नोंद सापडली. आडनाव मिस्तरी, आमचे नव्हे. बापाचे नाव आमच्या धाकट्या पणजोबांचे, आजाचे नाव आमच्या खापरपणजोबांचे. मूळ गाव नरडाणे, हल्ली मुक्काम उधना. येण्याचे कारण: आईच्या अस्थी. आईचे नाव लिहिलेले नाही.

उपाध्यायांच्या ओसरीवर आमचे डोळे भरून आले, लपवत नाही. पण धर्मशाळेत परतल्यावर आयुष्यभर शिकवलेले तर्कशास्त्र आडवे आले. दोन नावे जुळली, गाव जुळले. एवढ्याने 'तेच' सिद्ध होते का? ही नावे त्या काळी प्रत्येक आळीत दोन-चार जणांची असायची. न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत, त्यातले एक शब्द, म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो तशीच सांगतो. गंमत बघा, मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आणि वारसाच्या बाबतीत नातेवाइकाइतका अविश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही. एकाला नाते हवे असते, दुसऱ्याला नको असते. आम्हाला हवे होते, म्हणून आमच्या शब्दावर आम्हीच विश्वास ठेवायचा नाही असे ठरवले.

उधन्यात मिस्तरी आडनावाची घरे पुष्कळ. फोन केले की लोक आधी विचारतात, "काय विकायचं आहे?" बरोबरच आहे त्यांचे. आठव्या-नवव्या घरी एका बाईंनी ऐकून घेतले. नरडाणा हे नाव त्यांच्या सासूच्या तोंडी होते, पण तिथे कोणी आहे हे माहीत नव्हते. आम्ही जमिनीचा विषय मुद्दाम काढला नाही. जमीन काढली असती तर पुढच्या प्रत्येक उत्तरावर तिची सावली पडली असती. हे योग्य केले की त्यांच्यापासून लपवले, यावर आमचे आणि आमच्या पत्नीचे अजून एकमत नाही. ती म्हणते, तुम्ही परीक्षा घेत होता, आणि ज्याची परीक्षा घेतो त्याला ते सांगावे. तिचे बरोबर असावे.

आम्ही विचारले, तुमच्याकडे कानबाई बसते का? नाही, म्हणाल्या. सासरे होते तोवर बसायची. गहू किती घेत, हे आठवते का? त्या थांबल्या. म्हणाल्या, "घरात माणसं चार, पण सासूबाई मुठी जास्त घ्यायच्या. आम्हाला वाटायचं, मोजायला चुकतात."

हा पुरावा आहे का? कोर्टात नाही. परगावी गेलेल्या भावाची मूठ काढणारे आमचे एकच घर नसणार, हेही आम्हाला कळते. नावे, गाव, वही आणि मुठी, सगळे मिळून शक्यता वाढते, खात्री होत नाही. खात्री एका गोष्टीने होऊ शकली असती: धाकट्या पणजोबांच्या बायकोच्या माहेरच्या नावाने. ती शिंदखेड्याकडची, एवढे आमच्याकडे ठाऊक आहे. पण आमच्या वंशावळीत तिचे नाव नाही, नाशिकच्या नोंदीत नाही, मुठीत तर नव्हतेच. दोन्ही घरांना जोडणारी तीच बाई, आणि तिन्ही वह्यांत तिचीच जागा कोरी.

गेल्या महिन्यात आम्ही जमिनीचे सगळे त्यांना पत्राने कळवले, सातबाऱ्याच्या नकलेसह. घरात पुन्हा तट पडले, पण या वेळी चुलतभावानेच पाकिटावर पत्ता लिहिला. त्याचे अक्षर आमच्यापेक्षा बरे आहे. त्या बाईंचा आणि त्यांच्या मुलाचा फोन आला. येत्या रविवारी दोघे सुरत–भुसावळ गाडीने नरडाण्याला उतरणार आहेत. घरातल्या एका जुन्या पेटीत सासूची काही कागदपत्रे आहेत, गुजरातीत लिहिलेली, तीही आणणार आहेत. आम्हाला गुजराती वाचता येत नाही. गावातले एक व्यापारी वाचून देतो म्हणाले आहेत, सकाळी दहाच्या आत या म्हणाले, नंतर दुकानात गर्दी असते.