पंच्याऐंशीनंतरचे हृदय

घरातील वयोवृद्धांच्या रक्ततपासणीचा कागद हाती आला, की नजर प्रथम कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडे धावते आणि आजोबांच्या वरणभातावरील तूप बंद होते. या भीतीचा फेरविचार करावयास लावणारे संशोधन हॉलंडमधील लायडन येथे झाले.

हृदयविकाराचा धोका वर्तविणारी परिचित कोष्टके अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या, १९४८ साली आरंभलेल्या पाहणीवर आधारलेली आहेत. पण तीत प्रारंभी घेतलेली माणसे फार तर बासष्ट वर्षांची होती. लायडनच्या संशोधकांनी १९९७ पासून पंच्याऐंशी वर्षांच्या नागरिकांचा मागोवा घेतला. पूर्वी हृदयविकार न झालेल्या ३०२ जणांपैकी ३५ जण पुढील पाच वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी निवर्तले. ते कोण असतील, हे कोष्टकांना सांगता आले नाही. रक्तातील होमोसिस्टीन या घटकाने मात्र ते बरेचसे सूचित केले. संख्या लहान, हे खरे. तरीही २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. अर्थात ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपली औषधे परस्पर थांबवू नयेत.

होमोसिस्टीन वाढते ते मूत्रपिंडे थकल्याने, तसेच फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने. गोळ्यांनी ते खाली येते. पण त्यामुळे हृदयविकाराचे झटके टळत नाहीत, असे २००६ च्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले. म्हणजे हा घटक धूर असावा, अग्नी नव्हे. तथापि आपल्या शाकाहारी घरांतून ब-१२ ची उणीव सर्रास आढळते, आणि हातापायांना येणाऱ्या मुंग्यांना व पंडुरोगाला तीही कारण असू शकते. आजोबांच्या कागदावर तो आकडा बहुधा नसतोच.