निळा धूर सांगतो काय?

साताऱ्याच्या कूपर कारखान्यात बनलेली डिझेल इंजिने सातारा-सांगलीकडच्या विहिरींवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. अशा इंजिनाच्या ब्रीदर नळीतून तेलकट वाफ येते. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये झिरपतात; त्यांना वाट द्यावीच लागते.

मोटारीत हे वायू पुन्हा इंजिनाकडे वळवून जाळतात. त्याआधी त्यांतले तेल विभाजकात वेगळे होते. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये विभाजकातला रबरी पडदा इंजिनाची ओढ मर्यादित ठेवतो. वर्षानुवर्षे उष्णता सोसून तो फाटला, की तेलही ओढले जाऊन जळते. तेलाचे सूक्ष्म थेंब निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून धूर निळसर दिसतो.

पण रिंगा झिजल्या तरी निळाच धूर येतो! मग निदान कसे करावे? प्रयोगशाळेतली पाण्याची उंच यू-नळी आठवा. तिचे एक टोक क्रँककेसला जोडून इंजिन मंद चालू ठेवले, तर निरोगी इंजिनात पाणी त्या बाजूला थोडेसेच चढते. पडदा फाटला असेल तर बरेच चढते. रिंगा फार झिजल्या असतील तर उलट खाली ढकलले जाते.

एक भाग बदलायचा की सारे इंजिन उघडायचे, हे आपल्याला पाण्याची पातळी सांगते.