लॉग फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच का?

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बार्शीटाकळीच्या आमच्या लॅबमधला लिनक्स सर्व्हर अडून बसला. "सर, फाइल सेव्हच नाही होऊन राहिली!" पाहतो तर डिस्क शंभर टक्के भरलेली. 'डीयू' कमांडने शोधलं, तर वेब सर्व्हरची एकच एरर लॉग फाइल कित्येक जीबींची झालेली. कुणाच्या तरी पीएचपी प्रोग्राममधली चूक पान उघडलं की त्यात ओळींवर ओळी लिहीत होती.

एका मुलाने ती फाइल सरळ 'आरएम'ने उडवली. नाव गेलं, जागा काही आली नाही. "डिलीट तं केली, मंग जागा काऊन नाही?" प्रश्न बरोबर होता.

युनिक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि डिस्कवरचा मजकूर वेगळा. 'आरएम' फक्त नाव काढते. एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडी धरली असेल, तर तो ती सोडेपर्यंत मजकूर तिथेच राहतो, आणि प्रोग्राम त्यात लिहीतही राहतो. वेब सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर जागा मोकळी झाली. पण चूक कोणत्या ओळीत आहे, हे सांगणारा मजकूरही गेला! ती पुन्हा शोधण्यात संध्याकाळ गेली.

यासाठीच 'लॉगरोटेट' असतं. ते सहसा रोज एकदा आपोआप चालतं. वेळ झाली की चालू लॉगच्या नावापुढे 1 लावतं, आधीच्या 1 चा 2 करतं आणि नवी कोरी फाइल उघडतं. शाळेचा हजेरीपट संपला की जुना कपाटात जातो, तसंच. मात्र नाव बदललं तरी प्रोग्राम जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहणार (कारण वर सांगितलंच), म्हणून 'पोस्टरोटेट' भागात त्याला "आता नवी फाइल उघड" असा निरोप द्यावा लागतो. निरोप न समजणाऱ्या प्रोग्रामसाठी 'कॉपीट्रंकेट' आहे: मजकुराची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करायची. त्यात मधल्या क्षणातल्या ओळी हरवू शकतात, म्हणून मी तो शक्यतो टाळतो.

किती जुनं ठेवायचं? सरकारी दप्तरात अ वर्गाचे कागद कायम जपतात, ड वर्गाचे लवकर नष्ट करतात. लॉगचंही तसंच ठरवा. 'वीकली' आणि 'रोटेट 4' लिहिलं, तर चार आठवड्यांच्या जुन्या फाइली राहतात, त्याआधीची पुसली जाते. 'कॉम्प्रेस' लावलं की जुन्या फाइली दाबून लहान होतात. 'मॅक्ससाइझ' लावलं, तर आठवडा व्हायच्या आधीही मोठी फाइल बदलते. पण लॉगरोटेट चालेल तेव्हाच, त्यामुळे तासाभरात फुगणारी फाइल यात सापडत नाही.

नवी सेटिंग लिहिल्यावर आधी 'डीबग' पर्याय देऊन चालवून पाहा. काय होईल ते दिसतं, फाइलींना धक्का लागत नाही.