मुंबई-नागपूर: पन्नास मिनिटांचे दीड तास

दर डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि आमदारांपासून पत्रकारांपर्यंत सगळे तिकडे निघतात. विमानाच्या तिकिटावर प्रवासाला साधारण दीड तास दाखवलेला असतो. आता हिशेब करा. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 685 किलोमीटर. प्रवासी जेट ताशी आठशेच्या आसपास उडतं. म्हणजे पन्नास मिनिटं. मग उरलेली चाळीस मिनिटं जातात कुठे?

रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरतं, कारण रुळांना कसाऱ्याचा घाट चढून भुसावळ, अकोला, बडनेरा करत जावं लागतं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, पण तो सुरू होतो ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपासून. तिथवरची वाहतूक कोंडी ज्याची त्याने सोसायची. विमानाला घाटही नाही आणि सिग्नलही नाही. तरी ते सरळ जात नाही.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. साहजिकच उड्डाणांची रांग लागते. शिवाय विमान उडतं वाऱ्याच्या तोंडावर, आणि मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून. म्हणून नागपूर पूर्वेला असूनही विमान आधी पश्चिमेला, जुहूवरून थेट अरबी समुद्रावर जातं आणि मग वळसा घेऊन माघारी फिरतं. नवखा प्रवासी खिडकीतून खाली पाणी बघून दचकतो, ते याचमुळे.

पुढे उंची गाठायला वीसेक मिनिटं आणि उतरायलाही जवळपास तेवढीच. पूर्ण वेगाचा मधला टप्पा इतका छोटा की चहाचे कप वाटून होतात न होतात तोच ते गोळा करायला येतात. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे नागपूरला जाताना पाठीशी असतात आणि परतताना समोर येतात. पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात आणि हिशेब उलटतो. लंडनच्या प्रवासात वारा मोठा फरक पाडतो, इथे मात्र मोजक्या मिनिटांचाच.

खरी मेख वेळापत्रकात आहे. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि नागपूरला जागेवर उभं राहिलं की संपते. रांगेतला मुक्काम त्यातच धरलेला असतो. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान आपल्याकडे वेळेवर आलेलं मानतात, तरी कंपन्या वर थोडी मिनिटं राखूनच ठेवतात. ‘आपण वेळेआधी पोचलो आहोत’ या घोषणेत पायलटच्या कर्तबगारीइतकाच वेळापत्रक आखणाऱ्याचा धोरणीपणाही असतो.

 

तेव्हा नागपूरला उतरून पुढे चंद्रपूर किंवा गडचिरोलीची गाडी गाठायची असेल, तर नकाशावरचे किलोमीटर मोजत बसू नका. तिकिटावरची पोचण्याची वेळ धरा आणि सामान पट्ट्यावर येईपर्यंतचा अर्धा तास वर मिळवा.