दोन टक्के आणि उरलेले अठ्ठ्याण्णव

दिवाळी उरकली की खापरच्या बाजारातून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला ट्रक लागतात. ट्रकांत सातपुड्यातली माणसे, त्यांची भांडी, कोंबड्या आणि लेकरे असतात. ही माणसे सुरत-बार्डोलीकडच्या उसाच्या फडांत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. आम्ही अनेक वर्षे या लोकांत संघटनेचे काम करीत आहोत. त्यामुळे 'उद्योगांची सामाजिक जबाबदारी' हा विषय व्याख्यानासाठी हाती आला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम हे ट्रकच उभे राहिले. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. कायद्याची पुस्तके आम्ही गरज पडेल तशी वाचली. पण हा विषय समजावयास फार विद्वत्ता लागत नाही. नफ्याचा हिशेब समजला म्हणजे पुरे.

आधी कायदा पाहू. 2013 च्या कंपनी कायद्यातील 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून अमलात आले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. या पैशातून गावोगाव शाळाखोल्या, दवाखाने आणि पाण्याच्या टाक्या झाल्या आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तहानलेल्याला पाणी कोणत्या खात्यातून आले हे विचारू नये.

पण एक प्रश्न उरतोच. दोन टक्क्यांचे काय केले हे कायदा विचारतो. तो शंभर टक्के नफा मिळाला कसा, हे कोणी विचारावयाचे?

एका कारखान्याने फडाजवळ आरोग्य-शिबिर भरविले होते. डॉक्टर चांगले होते, औषधे फुकट होती. रांगेतल्या एका बाईला आम्ही विचारले, "बाई, काय होतंय?" ती म्हणाली, "भाऊ, कंबर दुखते. पण गोळीनं काय होणार? उद्या पहाटे पुन्हा मोळीच उचलायची आहे." तिने एका वाक्यात आमचे व्याख्यान संपविले होते. दुखणे कामाच्या पद्धतीत होते आणि उपाय मात्र कामाच्या बाहेर चालला होता.

ती पद्धत कशी आहे पाहा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, मजुरी टनावर ठरते आणि हंगामाच्या शेवटी उचल वजा होते. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेब कुठेच नसतो. खाडा झाला की दंड बसतो. म्हणून दुखणे अंगावर काढावे लागते. बीड जिल्ह्यात 2019 साली झालेल्या शासकीय पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. 2024 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातील ऊसतोडीवर लिहिले, तेव्हा ही साखर विकत घेणाऱ्या जगप्रसिद्ध पेय-कंपन्यांनाही जाब द्यावा लागला. साखर गोड असली तरी तिचा माग फडापर्यंत जातो, हे त्यांना तेव्हा कळले!

येथेच जबाबदारी आणि शाश्वतता यांतला भेद आहे. जबाबदारी म्हणजे नफा झाल्यावर त्यातला वाटा समाजाला देणे. शाश्वतता म्हणजे नफा मोजण्याआधीच मजूर, पाणी आणि जमीन यांची झीज खर्चात धरणे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 साली सांगितलेला अर्थ आमच्या भाषेत असा: आजची गरज भागवावी, पण पुढच्या पिढीच्या ताटातले ओढून घेऊ नये. शेतकऱ्याला हे नवे नाही. बियाणे खाऊन कोणी शेती करीत नाही.

कोणी म्हणेल, हा खर्च धंद्याला पेलणार नाही. हे आम्ही फार जुन्या काळापासून ऐकत आलो आहोत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी हवी होती, तेव्हाही मालकांना ती जड वाटत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 10 जून 1890 रोजी ती मिळविली. त्यानंतरही गिरण्या कित्येक दशके चालल्या. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याने 1912 सालीच, कायद्याची वाट न पाहता, आठ तासांचा दिवस मान्य केला. तो कारखाना आजही उभा आहे. रविवारची सुटी हे दान नव्हते. ती कामाचा भाग झाली, म्हणूनच टिकली.

अलीकडे काही पावले पडली आहेत. शेअरबाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांनी आपल्या व्यवसायातील मजूर, पाणी, ऊर्जा आणि कचरा यांचा अहवाल द्यावा, असे सेबीने 2022-23 पासून बंधनकारक केले. परंतु माल पुरविणाऱ्यांकडे काय चालते, हे सांगणे ऐच्छिकच राहिले. आणि आमचा कोयता नेमका तेथेच आहे. शिवाय सहकारी साखर कारखाना कंपनी कायद्याखाली येत नाही. महाराष्ट्रात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरले, ते आम्हांला दोन टक्क्यांपेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते. कारण नफा होवो वा न होवो, टन गाळला की तो खर्च धरावाच लागतो. अर्थात तो पैसा कोयत्यापर्यंत पोचला पाहिजे.

आमचे मागणे मोठे नाही. तोडणाऱ्या स्त्रीचे नाव कारखान्याच्या वहीत स्वतंत्र लिहावे व तिची मजुरी तिच्या हाती द्यावी. फडावर सावली, पाणी आणि संडास असावा. आजारपणाचा दंड बंद व्हावा. मुलांची शाळा हंगामात सुटू नये. या साऱ्याचा खर्च साखरेच्या किमतीत धरावा, आणि साखर घेणाऱ्या मोठ्या कंपनीने त्यातला आपला वाटा उचलावा.

आपण शहरातली मंडळी कंपन्यांचे शेअर घेता, सोसायट्यांचे सभासद असता, वार्षिक सभांना जाता. तेथे नवी पाण्याची टाकी दाखविली तर टाळ्या अवश्य द्या. मग उठून एवढेच विचारा: "टाकी पाहिली, आता मजुरांची हजेरीवही दाखवा."