तडा बुजवण्याआधी

दिवाळीच्या आधी घराला रंग काढायचा ठरला, की घरोघरी एक ठरलेला संवाद होतो. आपण मिस्त्रीला खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेली भेग दाखवतो. तो थापीच्या टोकानं ती जरा खरवडतो आणि म्हणतो, "काही नाही ताई, लांबी भरली की दिसणार पण नाही." आणि खरंच दिसत नाही, पुढच्या मे महिन्यापर्यंत! मग त्याच जागी, त्याच वळणानं भेग पुन्हा उगवते आणि आपण मिस्त्रीला नावं ठेवतो. पण त्या बिचाऱ्याला आपण रंगाचं काम दिलेलं असतं, भिंतीचं नाही.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं, की छावणी मागे पडते आणि पडेगाव येतं. शहराच्या या कडेला पुष्कळ घरं एकदम बांधून झालेली नाहीत. आधी जागा घेतली, मग दोन खोल्या, मुलं मोठी झाल्यावर मागे एक खोली, जमलं तेव्हा वरचा मजला. अशा घरात जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ भेग हमखास असते. जुनी भिंत आपल्या जागी बसून गेलेली, नवी अजून बसतेय. दोघींना नीट बांधून घेतलं नाही, तर त्या वेगळ्या होणारच. (सासू-सुनेचा दाखला मी मुद्दाम देत नाही!)

मैत्रिणींनो, तडा म्हणजे भिंतीचं दुखणं नव्हे, तो दुखण्याची खूण आहे. ताप कशानं आला हे न बघता नुसती कपाळावर पट्टी ठेवावी, तसं लांबीचं असतं. म्हणून आधी भेग नीट बघायची.

गिलाव्यावर केसासारख्या बारीक, जाळीदार चिरा असतील, तर झोप उडवून घेऊ नका. गिलावा लवकर सुकला किंवा मालात सिमेंट जास्त पडलं, की त्या येतात. 'सिमेंट जास्त म्हणजे मजबूत' हा आपला लाडका गैरसमज आहे. सिमेंट जितकं जास्त, तितका माल सुकताना आकसतो. बीमच्या खाली आडवी किंवा कॉलमच्या कडेनं उभी सरळ रेघ दिसते, ती काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्याची. उन्हात दोघांचं फुगणं-आकसणं सारखं नसतं, म्हणून ती पडते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगत आडवी भेग गेली असेल, तर ती बहुतेक वेळा मराठवाड्याच्या उन्हाची करणी. तापलेली स्लॅब पसरते आणि भिंतीला ढकलते. दुखणं गच्चीवर आहे. तिथं पांढरा उष्णतारोधक थर दिल्याशिवाय खाली कितीही भरलं तरी उपयोग थोडाच.

जिच्याकडे खरं लक्ष द्यायचं ती भेग तिरकी असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघते आणि विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढते. ही पायाची तक्रार आहे.

याचं मूळ आपल्या काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून वर येते, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको. घराखालची काळी माती तेच करते. फरक एवढाच, की घराच्या मधोमध ओल फारशी बदलत नाही आणि कडेला, कोपऱ्यांना बदलते. मग कोपरा उचलला जातो किंवा खचतो, मधला भाग जागेवर राहतो, आणि भिंत मध्येच तिरकी तडकते. शेजारणीच्या पायाखाली मुरूम लागला असेल, तर तिचं घर ठणठणीत राहतं आणि आपण मात्र दरवर्षी लांबी भरतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या शहराची. इथं वर्षानुवर्षं नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येत आलं आहे. त्यामुळे घराघरांत जमिनीखाली हौद आला, तोही बहुधा पुढच्या भिंतीला लागून. हौदाला बारीकशी गळती असली, तर घराची एकच बाजू बारा महिने ओली राहते आणि बाकीच्या कोरड्या. काळ्या मातीला भिंत तडकवायला एवढं पुरतं. म्हणून पुढच्या अंगाला तिरकी भेग दिसली, तर गवंड्याआधी हौद तपासा. हौद भरा, वापर बंद ठेवा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. न्हाणीघराचं पाणी जोत्याजवळ मुरतं का, तेही पाहून घ्या. घराभोवती दोन-तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली फरसबंदी केली, तर पायाजवळ पाणी मुरणं पुष्कळ कमी होतं. कडुलिंब, अशोक भिंतीला चिकटून लावू नका, कारण उन्हाळ्यात मुळं तिथली ओल ओढून घेतात. ज्यांचं बांधकाम अजून व्हायचं आहे, त्यांनी काळी माती लागली तर पाया किती खोल न्यायचा हे अभियंत्याला विचारूनच ठरवावं. तिथं वाचवलेले पैसे पुढे भिंतीत जातात.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे कसं ओळखायचं? भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं बारीक आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा. काच तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय. रुंदीसाठी एटीएमचं कार्ड घ्या, त्याची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८४ सालच्या हस्तपुस्तिकेत एक मिलिमीटरच्या आतली भेग बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या वर रुंद मानली आहे. कार्ड सहज आत सरकलं तर नोंद करा. दोन कार्डं एकदम गेली तर अभियंत्याला बोलवा. निदान एक मे आणि एक सप्टेंबर बघितल्याशिवाय तिरक्या भेगेवर मोठा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र भेग भराभर वाढत असेल, किंवा दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्या असतील, तर थांबायचं नाही.

"हे काम पुरुषांचं," असं कुणी म्हणालंच तर त्यांना किल्लारीची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांनीच पुष्कळांचा घात केला. पुढे घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावी बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. अनुदान कसं मिळतं, भिंत मजबूत कशी करायची, हे त्यांनी घरोघरी समजावलं आणि कामावर लक्षही ठेवलं. ज्यांना कालपर्यंत घरातलं कुणी बांधकामाबद्दल विचारत नव्हतं, त्या याच मराठवाड्यातल्या बायका.

आता दुरुस्ती. मेलेली, म्हणजे न वाढणारी भेग छिन्नीनं इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी उघडायची. धूळ ब्रशनं झाडून पाणी मारायचं आणि पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल दाबून भरायचा. सांध्याची भेग असेल तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढून तारेची जाळी खिळ्यांनी ताणून बसवायची आणि वर नवा गिलावा करायचा. हलणाऱ्या भेगेत सिमेंट भरणं म्हणजे पैसे भिंतीत पुरणं. तिथं रबरासारखं ताणलं जाणारं सीलंट लागतं, आणि तेही मूळ कारण दूर केल्यावर.

जाळी काय किंवा हल्ली मालात घालतात ते तंतू काय, कल्पना काही नवी नाही. पडेगावावरून जाणारा रस्ता ज्या वेरूळला पोचतो, तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असं २०१६ साली एका संशोधनात पुढे आलं. आपल्या आज्या भिंत लिंपताना मातीत भुसकट कालवायच्या, तेही तडे आवरायलाच.

नव्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारा. पाणी मोजूनमापून वापरावं लागतं तिथं हेच काम पहिलं चुकवलं जातं. गोणपाट ओलं करून लावलं तर थोड्या पाण्यात भागतं. भाज्या धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको.

छताचं मात्र वेगळं आहे. तिथं तांबूस डाग दिसला, किंवा एका सरळ रेषेत भेग जाऊन पोपडा फुगला, तर आतली सळई गंजली आहे असं समजा. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटची खपली खाली ढकलतं. बाजूला उभं राहून लांब काठीनं हलकेच ठोकून बघा. पोकळ, बद्द आवाज आला तर तिथं लांबी, पुट्टी, रंग, काही लावू नका. लावलात तर तो भाग पडेपर्यंत कळणारसुद्धा नाही. आधी गच्चीवरची गळती थांबवायची. मग जाणकाराच्या देखरेखीखाली टेकू देऊन सैल काँक्रीट काढायचं, सळई घासून तिच्यावर गंजरोधक लावायचं आणि नवा माल चढवायचा. सळई फारच खंगली असेल तर जोडीला नवी द्यावी लागते. हे काम रंगाऱ्याचं नाही, त्यासाठी अभियंताच हवा. तो येईपर्यंत त्या जागेखालचा पलंग आणि बाळाचा पाळणा आजच दुसरीकडे हलवा.